डॉ. विल्यम होरेशियो बेट्स

पंचेंद्रियांमध्यें नेत्राची योग्यता किती मोठी आहे हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. वाचन, लेखन, खेळ, प्रवास, सृष्टिसौंदर्याचा आस्वाद, ह्या सर्वांचें द्वार म्हणजे डोळा. म्हणूनच एखाद्या मुलास फळ्यावरील अक्षरें पुसट दिसूं लागलीं व त्याच्या नाकावर चष्मा आला, म्हणजे घरच्या मंडळींस मोठी हळहळ वाटते. मग कोणी सांगतो, डोळ्यांवर तळहात धरून बस. कोणी म्हणतो, सूर्याकडे तोंड करून उभा राहा. कोणी बुबुळें फिरविण्याचा व्यायाम शिकवितो. आणि हें सर्व नेमानें केल्यास चष्मा सुटेल असें आश्वासन देतो. ह्यांपैकीं कांहीं उपचार आपल्याकडे जुनेच आहेत. हठयोगांतील त्राटक बहुतेकांस ऐकून माहीत असेल. परंतु चष्म्यावांचून दृष्टि सुधारण्याची एक संपूर्ण पद्धति रचून ती ज्यांनीं जगभर पसरविली, व ज्यांच्या नांवानें ती आजही ओळखली जाते, ते गृहस्थ म्हणजे अमेरिकेंतील नेत्रवैद्य डॉ. विल्यम होरेशियो बेट्स होत. त्यांचें चरित्र कादंबरीसारखें विलक्षण आहे; आणि ज्ञानाच्या मार्गावर चालूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यानें त्यापासून घेण्यासारखेंही पुष्कळ आहे.

डॉ. बेट्स यांचा जन्म २३ डिसेंबर १८६० रोजीं अमेरिकेच्या न्यू जर्सी संस्थानांतील न्यूआर्क शहरीं झाला. सन १८८१ मध्यें त्यांनीं कॉर्नेल विद्यापीठाची पदवी संपादन केली, व १८८५ सालीं न्यूयॉर्क येथील कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ह्या नामांकित वैद्यकीय महाविद्यालयांतून ते डॉक्टर झाले. नेत्र व कर्ण ह्यांच्या विकारांकडे त्यांचा प्रारंभापासून ओढा होता. न्यूयॉर्कमधील निरनिराळ्या रुग्णालयांत त्यांनीं काम केलें व पदव्युत्तर वैद्यकीय विद्यालयांत १८८६ पासून नेत्रशास्त्राचें अध्यापनही केलें. तात्पर्य, ज्या मनुष्यानें पुढें सर्व नेत्रवैद्यांशीं वैर पत्करलें, तो कोणी अडाणी वैदू नव्हता. तो त्याच विद्येंत वाढलेला व त्याच विद्येचा अध्यापक होता, ही गोष्ट प्रथम ध्यानांत ठेविली पाहिजे.

त्यांच्या संशोधक वृत्तीचा एक पुरावा तर वैद्यकाच्या इतिहासांत नमूद आहे. आपल्या मूत्रपिंडांच्या वरच्या टोकांस टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या ग्रंथींचा अर्क पाण्यांत काढून डोळ्यांत घातला असतां लाल झालेला डोळा कांहीं क्षणांतच पांढरा होतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व शस्त्रक्रियेच्या वेळीं रक्तस्राव कमी होतो, असें डॉ. बेट्स यांस आढळून आलें. १८९६ सालीं त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. त्याच अर्कांतील मुख्य द्रव्य पुढें १९०१ मध्यें जपानी शास्त्रज्ञ जोकिचि ताकामिने यांनीं शुद्ध स्वरूपांत वेगळें केल्याचें जाहीर केलें, व त्यास अॅड्रिनॅलिन हें नांव मिळालें. आज मरणोन्मुख रोग्यास जीवदान देणारें म्हणून हें औषध प्रत्येक रुग्णालयांत असतें. बेट्स यांनीं ह्या कामावरच आयुष्य वेंचलें असतें तर त्यांचें नांव निर्विवाद मानानें घेतलें गेलें असतें. परंतु त्यांच्या मनानें दुसराच ध्यास घेतला होता.

तो ध्यास चष्म्यासंबंधींचा होता. ज्यास चष्मा लागला त्यास तो जन्मभर लागला, व त्याचा नंबर बहुधा वाढतच गेला, हें पाहून त्यांचें मन अस्वस्थ होई. चष्मा म्हणजे पांगळ्याची कुबडी होय. कुबडी देऊन वैद्यानें समाधान कां मानावें, पाय बरा करण्याचा यत्न कां करूं नये, असा प्रश्न त्यांस पडला. प्रश्न खोटा नव्हता. विद्यालयांतील कांहीं तरुण डॉक्टरांस त्यांनीं चष्मे उतरविण्यास सांगितलें व आपल्या पद्धतीनें डोळ्यांचा सराव करविला. ह्यावरून संस्थेच्या प्रमुखांशीं त्यांचा खटका उडाला, व त्यामुळें १८९१ मध्यें तें अध्यापकाचें स्थान त्यांस सोडावें लागलें, असें त्यांच्या नंतरच्या सांगण्यावरून दिसतें.

ह्यानंतर ह्या चरित्रांतील अत्यंत गूढ प्रसंग येतो. सन १९०२ च्या ऑगस्टच्या अखेरीस डॉ. बेट्स न्यूयॉर्कमधून एकाएकीं नाहींसे झाले. एका मोठ्या शस्त्रक्रियेच्या कामासाठीं बाहेरगांवीं जात आहों, अशा अर्थाचें पत्र तेवढें पत्नीस मिळालें. पुढें कांहीं वार्ता नाहीं. कित्येक आठवड्यांनीं ते समुद्रापलीकडे लंडन शहरीं, चेअरिंग क्रॉस रुग्णालयांत सांपडले. शरीर थकलेलें, आणि मागील आयुष्याची आठवण पार पुसलेली! पत्नी धांवत लंडनला गेली. परंतु तिलाही त्यांनीं ओळखलें नाहीं, व दोनच दिवसांत ते पुन्हां बेपत्ता झाले. त्या साध्वीनें मरेपर्यंत त्यांचा शोध चालविला, पण तो तिच्या हातीं लागला नाहीं. पुढें १९१० मध्यें त्यांचे एक नेत्रवैद्य मित्र डॉ. केली हे सहज उत्तर डाकोटा संस्थानांतील ग्रँड फोर्क्स ह्या गांवीं गेले असतां, तेथें डॉ. बेट्स दवाखाना चालवीत असलेले त्यांस आढळले. मित्रानें त्यांस न्यूयॉर्कला परत आणलें. स्मृतिभ्रंशाचें कारण काय, हें कोणासच कळलें नाहीं.

परंतु ग्रँड फोर्क्स येथील हीं वर्षें व्यर्थ गेलीं नव्हतीं; आणि आम्हां शाळेंतील मंडळींस तर हाच भाग विशेष महत्त्वाचा वाटेल. डोळे तपासतांना मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत जाणाऱ्या अक्षरांचा जो तक्ता वापरतात, तो हॉलंडांतील नेत्रवैद्य स्नेलेन यांनीं १८६२ सालीं तयार केला. वीस फुटांवरून, म्हणजे सुमारें सहा मीटरांवरून, ठराविक ओळ वाचतां आली म्हणजे दृष्टि निर्दोष समजावयाची. डॉ. बेट्स यांनीं हा तक्ता दवाखान्यांतून उचलून वर्गाच्या भिंतीवर नेला. ग्रँड फोर्क्सच्या शाळांत तो कायमचा टांगून ठेवावयाचा, व प्रत्येक मुलानें रोज एकदां तरी एकेक डोळ्यानें, आपल्या जागेवरून, जेवढा वाचतां येईल तेवढा वाचावयाचा, असा त्यांनीं परिपाठ घातला. नवें, अनोळखी दृश्य पाहतांना डोळा ताण घेतो, ओळखीचें पाहतांना तो विसांवतो, अशी त्यांची समजूत होती. ह्या उपायानें मुलांची दृष्टि सुधारली, व नव्यानें दोष उत्पन्न होण्याचें प्रमाण कमी झालें, असें त्यांनीं पुढें प्रसिद्ध केलें. न्यूयॉर्कला परतल्यावर तेथील शाळांतूनही त्यांनीं हाच प्रयोग चालविला.

येथें चिकित्सक विद्यार्थी एक शंका घेईल. जो तक्ता मुलाच्या डोळ्यांपुढें वर्षभर टांगलेला आहे, तो त्यास पाठ होणार नाहीं काय? पाठ झालेली ओळ दृष्टि न सुधारतांही म्हणतां येते. ज्या मुलांनीं हा सराव केला नाहीं अशांचा एक वर्ग, व रोज बदलणारा अनोळखी तक्ता, ह्या दोन गोष्टी प्रयोगांत असत्या, तर ही शंका राहिली नसती. शंका घेणें हा उद्धटपणा नव्हे. शास्त्राचा तो प्राण आहे.

डॉ. बेट्स यांचा इतर नेत्रवैद्यांशीं जो मोठा वाद झाला, तो समजण्यासाठीं डोळ्याच्या रचनेचा थोडा विचार करूं. पुणें जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यांत, वरसगांव धरणाच्या जलाशयाच्या कांठीं, लवासा नांवाचें नवें नगर वसलें आहे. कोणी विद्यार्थी सहलीस तेथें जाईल, तर त्यानें हातांत पुस्तक घेऊन पाण्याकांठीं बसावें. प्रथम पलीकडच्या डोंगराच्या माथ्याकडे पाहावें, मग नजर पुस्तकाच्या ओळीवर आणावी. डोंगर स्पष्ट दिसत असतां ओळ पुसट असते, व ओळ स्पष्ट झाली म्हणजे डोंगर पुसट होतो. म्हणजे नजर जवळ आणतांना डोळ्याच्या आंत कांहीं तरी फेरफार होतो. तो कोणता? एक तर डोळ्यांतील भिंगाचा आकार बदलत असला पाहिजे, नाहीं तर संबंध नेत्रगोलच कमीजास्त लांब होत असला पाहिजे.

ह्या प्रश्नाचा निकाल इंग्लंडांतील थॉमस यंग ह्या शास्त्रज्ञानें १८०१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनीं बहुतांशीं लावला होता. त्यानें स्वतःच्याच डोळ्यास पाण्याचा स्पर्श ठेवून पाहिलें, तरी जवळचें व दूरचें पाहण्याची शक्ति कायम राहिली. म्हणून बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा तो व्यापार नव्हे. नेत्रगोल लांब होऊं नये अशा रीतीनें तो दाबून धरला, तरीही शक्ति कायम! उरलें तें भिंग. पुढें जर्मनींतील हेल्महोल्ट्झ यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भिंग कसें फुगतें व कसें सपाट होतें ह्याची उपपत्ति मांडली. भिंगाभोंवतीं वर्तुळाकार स्नायु आहे. तो आंवळला म्हणजे भिंग फुगून जवळचें दिसतें. तो सैल पडला म्हणजे भिंग चपटें होऊन दूरचें दिसतें. सुमारें सहा मीटरांच्या पलीकडे पाहतांना ह्या स्नायूस जवळजवळ पूर्ण विश्रांति असते. वय वाढतें तसें भिंग कठीण होतें व त्यास फुगतां येईनासें होतें. आपल्या मराठी भाषेनें ही गोष्ट कधींच टिपून ठेविली आहे. वाचण्याच्या चष्म्यास आपण चाळिशी म्हणतों, तें चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास तो लागतो म्हणूनच.

ऱ्हस्वदृष्टीचें, म्हणजे दूरचें पुसट दिसण्याचें, कारण बहुधा निराळें असतें. प्रौढ मनुष्याचा नेत्रगोल पुढून मागें सुमारें चोवीस मिलिमीटर असतो. वाढीच्या वयांत तो एक मिलिमीटर जरी अधिक लांब झाला, तरी प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते व चष्म्याचा नंबर सुमारें अडीच-तीनपर्यंत जातो. लांब झालेला गोल पुन्हां आंखूड होत नाहीं. चष्म्याचें भिंग त्या प्रतिमेस फक्त योग्य जागीं नेऊन ठेवतें.

डॉ. बेट्स यांस हें मत मुळींच मान्य नव्हतें. मासे, मांजरें, ससे, कुत्रे ह्यांच्या डोळ्यांवर प्रयोग करून त्यांनीं असा सिद्धांत बसविला कीं, जवळचें व दूरचें पाहण्याशीं भिंगाचा कांहीं संबंध नाहीं. नेत्रगोलास बाहेरून वळविणारे जे सहा स्नायु आहेत, तेच त्यास दाबून लांब किंवा आंखूड करतात. मनावर ताण पडला म्हणजे हे स्नायु आंवळतात व दृष्टि बिघडते. मन व डोळे सैल सोडले म्हणजे ती सुधारते. म्हणून दृष्टीचा दोष हा शरीराचा नसून ताणाचा होय, आणि चष्मा तो ताण कायम करतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा सिद्धांत टिकला नाहीं, आणि तो कां टिकला नाहीं हें साध्या अनुभवांवरूनही कळेल. डोळे तपासतांना डॉक्टर कधीं कधीं अट्रोपिनसारख्या औषधाचे थेंब घालतात. त्यांनीं भिंगाचा स्नायु कांहीं काळ लुळा पडतो. त्या वेळीं डोळा चोहोंकडे फिरवितां येतो, म्हणजे बाहेरचे सहाही स्नायु शाबूत असतात. तरी पुस्तकांतील अक्षर स्पष्ट दिसत नाहीं. तसेंच मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेंत पूर्वीं भिंग काढून टाकीत, व अशा रोग्यास भिंगाच्या चष्म्यावांचून जवळचें वाचतां येत नसे. माशांचें म्हणाल तर, त्यांच्या डोळ्यांत भिंग फुगत नाहीं. तें पुढेंमागें सरकतें. त्यामुळें माशाच्या डोळ्यावरून माणसाच्या डोळ्याविषयीं अनुमान काढणें धोक्याचें होतें.

आतां त्यांच्या उपचारांकडे वळूं. पहिला व मुख्य उपचार म्हणजे डोळे मिटून त्यांवर दोन्ही तळहात पेल्यासारखे ठेवावयाचे, बुबुळांवर दाब पडूं द्यावयाचा नाहीं, आणि दाट काळोखाचें चिंतन करावयाचें. दुसरा उपचार, उभें राहून अंग उजवीकडे-डावीकडे संथ हेलकावीत डोळ्यांपुढील देखावा सरकत जाऊं द्यावयाचा. तिसरा, एका वस्तूकडे टक लावून न पाहतां दृष्टि तिच्या एका भागावरून दुसऱ्या भागावर हलवीत ठेवावयाची. चौथा, सूर्यप्रकाशाचा. पहिले तीन निरुपद्रवी आहेत. दिवसभर लेखनवाचन करणाऱ्या मनुष्यास तळहातांच्या काळोखांत दोन मिनिटें विसांवल्यानें बरेंही वाटेल. परंतु चौथा उपचार भयंकर होय. आपल्या ग्रंथांत डॉ. बेट्स यांनीं उघड्या डोळ्यांनीं सूर्याकडे पाहण्याचा सराव सुचविला होता, व भिंगानें डोळ्याच्या पांढऱ्या भागावर सूर्यकिरण एकवटण्याचीही रीत सांगितली होती. सूर्याकडे थेट पाहिल्यानें दृष्टिपटलाचा मधला, सर्वांत नाजूक भाग भाजतो व ती इजा कायमची राहूं शकते. दुखत नाहीं म्हणून ती लक्षांतही येत नाहीं. हा प्रयोग कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून, सकाळीं वा सायंकाळीं करूं नये.

त्यांचा तो ग्रंथ १९२० सालीं न्यूयॉर्कमध्यें त्यांनीं स्वतःच प्रसिद्ध केला. चष्म्यावांचून निर्दोष दृष्टि मिळविण्याचें आश्वासन त्याच्या नांवांतच होतें. त्यापूर्वीं, १९१९ पासून, ते उत्तम दृष्टीविषयीं एक लहान मासिकही काढूं लागले होते व तें १९३० पर्यंत चाललें. हार्लेम रुग्णालयांत गरीब रोग्यांसाठीं ते जें चिकित्साकेंद्र चालवीत, तेथें एमिली लियरमन ह्या बाई त्यांच्या साहाय्यक होत्या. तेथील रोग्यांच्या हकीकती त्या बाईंनीं लिहून ठेविल्या, व पुढें १९२८ मध्यें डॉ. बेट्स यांनीं त्यांच्याशीं विवाह केला. गरिबांकडे पाहण्याची त्यांची वृत्ति सहानुभूतीची होती, व आपल्या मतावर त्यांची अंतःकरणापासून श्रद्धा होती, हें त्यांच्या विरोधकांनींही अमान्य करण्याचें कारण नाहीं.

मग रोग्यांस गुण आल्यासारखा कां वाटे? त्याचीं कारणें पुढें नेत्रवैद्यांनीं शोधून काढलीं. डोळे किलकिले केले असतां प्रकाशाची वाट अरुंद होते व पुसट अक्षर क्षणभर स्पष्ट दिसतें. अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर पसरला म्हणजेही असा क्षण येतो. सतत जवळचें पाहून भिंगाचा स्नायु आंखडला असेल, तर विश्रांतीनें तो सैल पडून थोडी दृष्टि खरोखरच सुधारते. पुसट आकारावरून अक्षर ओळखण्याचें कौशल्यही सरावानें वाढतें. ह्या सर्व गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्यांपैकीं एकीनेंही लांबलेला नेत्रगोल आंखूड होत नाहीं. रोगी खोटें बोलत नव्हता, वैद्य फसवीत नव्हता. दोघेही मोजमाप करावयाचें विसरले होते.

डॉ. बेट्स यांच्या अखेरच्या वर्षांत विरोध तीव्र झाला. १९२९ मध्यें अमेरिकेच्या व्यापारविषयक सरकारी आयोगानें त्यांच्या ग्रंथाची जाहिरात दिशाभूल करणारी आहे अशी तक्रार त्यांच्यावर नोंदविली. बहुतेक समव्यवसायी त्यांच्याशीं संबंध ठेवीनासे झाले होते. अशा स्थितींत, १० जुलै १९३१ रोजीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, न्यूयॉर्क येथें त्यांचें देहावसान झालें.

मनुष्य गेला, पण मत राहिलें. प्रसिद्ध इंग्रज ग्रंथकार ऑल्डस हक्स्ली यांची दृष्टि शाळेंत असतांनाच एका नेत्ररोगानें जवळजवळ गेली होती. १९३९ च्या सुमारास अमेरिकेंत त्यांनीं बेट्स-पद्धतीचे धडे घेतले व १९४२ मध्यें तिचें समर्थन करणारें पुस्तक लिहिलें. त्या पुस्तकामुळें पद्धतीचा बोलबाला फार वाढला. परंतु १९५२ मध्यें एका समारंभांत हक्स्ली भाषण वाचीत असतां मध्येंच अडखळले. कागद डोळ्यांशीं नेला, तरी वाचतां येईना. शेवटीं खिशांतील भिंग काढावें लागलें. भाषण वाचलें जात नसून पाठ म्हटलें जात होतें, हें श्रोत्यांस कळून चुकलें, असें त्या वेळीं हजर असलेले प्रकाशक बेनेट सर्फ यांनीं लिहून ठेविलें आहे. आपल्या देशांत दिल्लीचे डॉ. आर. एस. अगरवाल यांनीं ह्या पद्धतीचा पुरस्कार केला, व पुढें पाँडेचरीच्या अरविंदाश्रमांत ह्या धर्तीची नेत्रशाळा चालविली. निसर्गोपचाराचे सर्वांत थोर पुरस्कर्ते म्हणजे महात्मा गांधी. त्यांनीं १९४६ च्या मार्चमध्यें आपल्या पुणें जिल्ह्यांतील उरुळी कांचन येथें निसर्गोपचाराचें केंद्र सुरू केलें. माती, पाणी, हवा, आहार ह्यांवर एवढी श्रद्धा असूनही गांधीजींनीं आपला चष्मा मात्र टाकला नाहीं. वाचणें व लिहिणें हें त्यांचें लोकसेवेचें साधन होतें.

तर मग डॉ. बेट्स यांचें सर्वच वाया गेलें काय? तसें नाहीं. शाळेंत गेल्यावरच इतक्या मुलांची दृष्टि कां बिघडते, आणि हें टाळतां येईल काय, असा प्रश्न त्यांनीं विचारला होता, व तो विचारण्यासाठीं ते दवाखाना सोडून वर्गांत गेले होते. त्या प्रश्नास मोजमापानें सिद्ध झालेलें उत्तर मिळण्यास आणखी सुमारें एक शतक जावें लागलें. चीनमधील ग्वांगचौ शहरांत बारा प्राथमिक शाळा निवडल्या. त्यांपैकीं निम्म्या शाळांतील सहा-सात वर्षांच्या मुलांस रोज चाळीस मिनिटें अधिक उघड्यावर ठेवलें, उरलेल्या शाळांत नेहमींचाच क्रम ठेवला, व तीन वर्षांनीं सर्वांचे डोळे यंत्रानें तपासले. उघड्यावर राहिलेल्या मुलांत शेंकडा ३०.४ जणांस नव्यानें ऱ्हस्वदृष्टि आली होती. दुसऱ्या गटांत शेंकडा ३९.५ जणांस. हा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. तैवानांत तर २०१० पासून शाळकरी मुलांस रोज दोन तास उघड्यावर घालविण्याचा आग्रह सरकारी रीतीनें धरला जात आहे. दिवसाच्या मोकळ्या उजेडाची प्रखरता खोलींतील उजेडाच्या कित्येक पट असते. त्या उजेडानें दृष्टिपटलांत डोपामीन नांवाचें द्रव्य अधिक स्रवतें व नेत्रगोलाची अवाजवी वाढ आंवरली जाते, असें शास्त्रज्ञ मानतात. ह्यासाठीं सूर्याकडे पाहण्याची गरज नाहीं. झाडाच्या सांवलींत खेळलें तरी पुरतें.

ग्रँड फोर्क्सच्या प्रयोगांत जें उणें होतें, तेंच ग्वांगचौच्या प्रयोगांत होतें: तुलनेसाठीं दुसरा गट, आणि मुलांच्या उत्तरावर न विसंबणारें माप. डॉ. बेट्स यांस बुद्धि कमी नव्हती, परिश्रम कमी नव्हते, कळकळ तर मुळींच कमी नव्हती. परंतु आपलें मत ज्या प्रयोगानें खोटें ठरूं शकेल, तो प्रयोग त्यांनीं केला नाहीं. आणि दुसऱ्यांनीं केला तेव्हां त्याकडे त्यांनीं पाठ फिरविली.

विद्यार्थीमित्रहो, ह्या गोष्टीचा आपल्या नित्याच्या जीवनाशीं निकट संबंध आहे. उघड्यावर राहण्यानें ऱ्हस्वदृष्टि येण्याचें टळतें किंवा लांबतें. एकदां आलेली ती त्यानें जात नाहीं. हिरव्या भाज्या, गाजर, पपई, आंबा ह्यांतून मिळणारें अ जीवनसत्त्व रातांधळेपणापासून डोळ्यांचें रक्षण करतें. पण त्यानें चष्म्याचा नंबर उतरत नाहीं. लहान मुलाच्या एका डोळ्यांत दोष असून वेळींच चष्मा मिळाला नाहीं, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करूं लागतो, व सात-आठ वर्षांच्या वयानंतर ती दृष्टि परत मिळविणें फार कठीण होतें. कांचबिंदूसारखा रोग तर आवाज न करतां दृष्टि नेतो. त्यावर व्यायामाचा प्रयोग करीत बसणारा, औषधाची वेळ हातची घालवितो. म्हणून वर्गांत फळा पुसट दिसतो असें ज्यास वाटेल, त्यानें तें लपवून न ठेवतां शिक्षकांस सांगावें; डोळे तपासून घ्यावे; चष्मा दिल्यास तो नि:संकोच लावावा; शेजारच्या मुलानें चष्म्यावरून चिडविल्यास तिकडे लक्ष देऊं नये. पुस्तक हातभर अंतरावर धरावें, थोड्याथोड्या वेळानें नजर खिडकीबाहेर दूरवर न्यावी, आणि मधल्या सुटींत व शाळा सुटल्यावर मैदान सोडूं नये.

चष्मा लावून मैदानांत खेळणारा मुलगा डॉ. बेट्स यांस आवडला नसता. परंतु त्यांनीं जो प्रश्न आयुष्यभर उराशीं बाळगला, त्याचें आज हातीं असलेलें उत्तम उत्तर त्या मुलाच्या वागण्यांतच आहे.